पाटावरची तिसरी बंदूक

खंडेनवमीच्या पूजेचा फोटो टाकला तेव्हा वडोदऱ्याच्या एका ताईंनी विचारलं, "तुमच्या 2019 च्या फोटोत पाटावर तीन बंदुका होत्या, आता दोनच दिसतात. एक विकली का हो?" दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, पण जमेना. म्हणून हे लांबण लावलंय. चहा घेऊन बसा.

आधी आमच्या गावाबद्दल सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना बंदूक म्हटली की एकदम सिनेमातला गुंड दिसतो. आम्ही ग्वाल्हेरचे, त्यातही लष्करचे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. शहराचं नावच लष्कर. त्यातला एक मोहल्ला कंपू, म्हणजे कॅम्प. दुसरा शिंदे की छावनी. इकडे फालका बाजार, तिकडे शितोळ्यांचा वाडा. फौज गेली, सरदारक्या गेल्या, पण नवमीला शस्त्रं पुसून पाटावर मांडायची आणि दसऱ्याला कंपूतल्या मांढरे की मातेला जाऊन यायचं, हे राहिलं. आमच्या घरात कुणी सरदार नव्हता बरं का. पणजोबा कारकून. तलवार होती ती गंजकी, म्यानातून निघायचीच नाही, म्यानासकट हळदकुंकू वाहायचो.

बंदुका मात्र खऱ्या होत्या. तीन.

पहिली आजोबांची दुनाली. बारा बोर, बर्मिंगहॅमची, 1936 साली मुंबईहून मागवलेली. आजोबा रियासतीच्या जंगलखात्यात शिवपुरीला होते. तेव्हा तिथे वाघ होते, आणि साहेबलोक आणि राजेलोक शिकारीला आले की आजोबांची दोन-दोन रात्रींची झोप जायची. त्यांनी स्वतः एकच मोठं जनावर मारलं, शेळ्यांच्या मागे लागलेला बिबट्या, आणि त्याचंही कौतुक सांगताना ते आवाज खाली करायचे. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यानंतर त्या बंदुकीनं जनावरावर बार काढला नाही. आजोबा तोवर गेले होते. अक्रोडाचा दस्ता, त्यावर त्यांच्या गालाच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं. लहानपणी मी तिथे गाल टेकून बघायची. तेल आणि तंबाखूचा वास यायचा.

दुसरी बाबांची रायफल, .315, इछापूरच्या सरकारी कारखान्यातली. एकेक गोळी बोल्ट ओढून चढवायची, मॅगझिनमध्ये पाच. बाबा वकील होते, पण डबऱ्याच्या पुढे आमची शेती होती, धान आणि गहू, आणि त्या काळात तिकडे जायचं म्हणजे रायफल घेऊनच. चंबळचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. 1972 मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर डाकूंनी हत्यारं ठेवली, फूलनदेवी 1983 मध्ये भिंडला शरण आली, हे पेपरात सगळ्या देशानं वाचलं. पण आमच्याकडे ते तिथे संपलं नाही. घाटीगावच्या बाजूला गडरिया टोळी 2004-05 पर्यंत माणसं उचलत होती. उचललेल्या माणसाला आमच्याकडे 'पकड' म्हणतात. "अमक्याची पकड झाली" हे वाक्य "अमक्याला टायफॉइड झाला" इतक्या सहज बोललं जायचं. 2004 मध्ये भंवरपुऱ्यात एका जागी तेरा माणसं मारली गेली, ते गाव आमच्या जिल्ह्यातलंच.

2003 च्या थंडीत मी बाबांबरोबर शेतावरून परत येत होते. जीपमध्ये आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी काही न बोलता रायफलीची नळी खिडकीतून बाहेर काढली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पीछे लो, आराम से." गोळी सुटली नाही. कुणी दिसलंही नाही. लाकूडतोडे असतील कदाचित. पण त्या तीनशे पावलांच्या रिव्हर्समध्ये मी बाबांच्या हाताकडे बघत होते, तो थरथरत नव्हता.

तिसरी .32 ची रिव्हॉल्व्हर, कानपूरची, नव्वदच्या दशकात एका जमिनीच्या केसमध्ये धमक्या आल्या तेव्हा घेतलेली. हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सहा घरं, जड, आणि दिसायला कुरूप.

2016 मध्ये शस्त्रांचे नवे नियम आले. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हयातीतच वारसाच्या नावे लायसन्स करून देण्याची सोय होती. दादा कॅलिफोर्नियात, तिथलाच नागरिक. राहिले मी. 2017 च्या सुरुवातीला तिन्ही माझ्या लायसन्सवर चढल्या आणि त्याच पावसाळ्यात बाबा गेले. बँकेतून रिटायर झालेली, साठी ओलांडलेली बाई तीन बंदुकांची मालकीण. आमच्या भिशीत मला 'पुतलीबाई' म्हणायला लागल्या.

आता मुख्य गोष्ट. 29 नोव्हेंबर 2019 ला लोकसभेत शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. एका माणसाकडे तीनऐवजी एकच बंदूक. आमच्या भागात, राजस्थानात, पंजाबात आरडाओरड झाली आणि 9 डिसेंबरला विधेयक पास झालं तेव्हा एकाच्या दोन झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, 14 डिसेंबरपासून लागू. जास्तीची बंदूक वर्षाच्या आत थान्यात किंवा परवानाधारक गन हाउसमध्ये जमा करायची, पुढच्या नव्वद दिवसांत ती लायसन्सवरून उतरणार. वडिलोपार्जित असली तरी तीच गिनती. नेमबाजीच्या खेळाडूंना सूट होती.

मी या मर्यादेच्या विरोधात आहे. तेव्हाही होते, आजही आहे. का ते सांगते, आणि कुठे माझी पंचाईत होते तेही सांगते.

दहा दिवसांत एकाचे दोन झाले. म्हणजे 'एक' हा आकडा काही तोलूनमापून काढलेला नव्हता, नाहीतर तो इतका पटकन हलला नसता. मग 'दोन' कशावरून तोलून काढला? मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. वरून एखादी मर्यादा आली की आम्ही विचारायचो, आधार काय? टेबलामागच्या माणसाला उत्तर माहीत नसलं की तो म्हणायचा, "सर्क्युलर आहे." तसंच हे सर्क्युलर. चौथी बंदूक ठेवायला बंदी 1983 च्या दुरुस्तीनं आली, त्याआधी तीही मर्यादा नव्हती. गंमत म्हणजे तेव्हा बाबा त्या बाजूनं होते. लष्करातल्या एका जुन्या घरात अकरा बंदुका भिंतीवर होत्या, त्यांचे कागद करायचं काम बाबांकडे आलं होतं. घरी येऊन म्हणाले, "तीन पुष्कळ झाल्या. माणसाला हात दोनच असतात." आई म्हणाली, "मग दोन म्हणा की." बाबा हसले होते. ते हसणं मला 2019 मध्ये फार आठवलं.

आणि हात दोनच असतात हेच तर माझं म्हणणं आहे. कपाटात कुलपाखाली तिसरी बंदूक असल्यानं माझा धोका तिपटीनं वाढत नाही. आमच्या चंबळ भागात कुणाला मारायचं असेल तर तो लायसन्सची बंदूक वापरत नाही, तिचा नंबर थान्यात लिहिलेला असतो. तो कट्टा वापरतो. कट्टा कुठल्याही लायसन्सवर नसतो, त्यामुळे एकाच्या वर दोन, दोनाच्या वर तीन, कुणीच मोजत नाही. निवडणूक आली की आम्ही लायसन्सवाले रांगेत उभे राहून बंदुका थान्यात जमा करतो, पावती घेतो, निकालानंतर परत रांगेत. कट्टेवाला रांगेत दिसला का कधी? बरं, लायसन्सवर काडतुसंही मोजून मिळतात. म्हणजे बंदुका किती, गोळ्या किती, मी राहते कुठे, सगळं सरकारकडे आहेच. मोजलेलं माणूस पुन्हा मोजायचं, कारण ते सापडतं.

बेळगावच्या मंडळींना कूर्गचं माहीत असेल. कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा जमीनवाल्यांना लायसन्सचीच गरज नाही, इंग्रजांच्या काळापासूनची सूट, ती सरकारनं अजून चालू ठेवली आहे. त्यांच्याकडेही हत्याराची पूजा असते. मला त्यांचा हेवा नाही, चांगलंच आहे. पण मग पूजेतलं हत्यार वेगळं असतं हे सरकारला कळतं तर! ते फक्त कूर्गपर्यंतच कसं कळतं?

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो उसळला. "तुमच्याकडे बंदुका मोजतात, आमच्याकडे गोळ्या मोजतात." कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला 2000 सालापासून बंदी आहे. 2016 मध्ये लोकांनी मत देऊन बाळगण्यावरही बंदी आणली. मग खटले. 2019 च्या मार्चमध्ये एका जजनं बंदी रद्द केली तेव्हा आठवडाभर लोकांनी दुकानं धुऊन नेली, मग स्थगिती आली. (पुढेही चाललंच होतं ते, 2025 च्या मार्चमध्ये तिकडच्या अपील कोर्टानं बंदी कायम केली.) दादा दर शनिवारी रेंजवर जातो, त्याला हे सगळं तोंडपाठ. त्यानं न्यूयॉर्कचं सांगितलं ते मला फार आवडलं. तिथे 2013 मध्ये नियम केला की मॅगझिन दहाचं असलं तरी भरायच्या सातच. कोर्टानं वर्षाच्या आत सांगितलं की दहाची मर्यादा राहू द्या, पण हा सात कुठून आला? मनमानी आहे, रद्द. मी म्हटलं, दादा, त्या जजला आमच्याकडे पाठव रे.

पण तेवढ्यात वहिनीनं फोन घेतला. ती तिकडे प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादाचं ऐकू नका. 2011 मध्ये टूसॉनला एकानं तेहतीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं केलं. दुसरं भरायला थांबला तेव्हा लोकांनी त्याला खाली पाडलं. दहाचं असतं तर आधी थांबला असता. आमच्या शाळेत मुलांना कपाटामागे लपायची ड्रिल असते, मी घेते ती." मी गप्प बसले. आकडा मनमानी असू शकतो, पण त्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे कुणाचं तरी मूल असू शकतं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले की वहिनी, आपल्या रायफलीत पाचच मावतात, आणि तिसरी बंदूक म्हणजे तेहतिसावी गोळी नव्हे. ती म्हणाली, "ते खरं आहे." माझी वहिनी भांडायला बरी आहे, समोरच्याचं खरं असलं की म्हणते.

मग वाटा शोधल्या. यांच्या नावावर वेगळं लायसन्स काढावं, असं ठरलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात बंदुकीच्या लायसन्ससाठी दहा झाडं लावायची आणि त्यांच्याबरोबर सेल्फी द्यायची अट निघाली होती. हसू नका, खरंच. शेजारच्या शिवपुरीत 2008 मध्ये नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्समध्ये प्राधान्य होतं, त्यापुढे झाडं बरीच की. आमच्या ह्यांनी दहा कडुनिंब लावले, फोटो काढले आणि मग म्हणाले, "झाडं झाली. बंदूक नको. मला भीती वाटते तिची." चाळीस वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळलं. अर्ज केलाच नाही. कडुनिंब आता कंपाउंडच्या वर गेलेत.

मुलाला विचारलं, तो बंगळुरूला. "आई, भाड्याच्या फ्लॅटमध्ये दुनाली? घरमालक घरात कांदा चालेल का विचारतो."

2020 च्या फेब्रुवारीत बातमी आली की क्युरिओ म्हणून ठेवायच्या जुन्या हत्यारांना लायसन्स लागणार नाही. मी आनंदानं कागद घेऊन गेले. खिडकीतले बाबू भले माणूस होते, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, "माताजी, बारा बोर का कारतूस तो आज भी बाज़ार में मिलता है. फिर ये क्युरिओ कैसे?" चौऱ्यांशी वर्षांची बंदूक, पण तिला अजून खाऊ मिळतो म्हणून म्हातारी नाही. मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि सगळंच थांबलं. वर्षाची मुदत तेवढी थांबली नाही.

त्या वर्षीची नवमी विसरणार नाही. आमच्याकडे अठ्ठावीस जागांची पोटनिवडणूक लागली होती, ग्वाल्हेर आणि डबरा दोन्ही त्यात. आचारसंहिता म्हणून तिन्ही बंदुका ऑक्टोबरमध्येच थान्यात. पाटावर काय मांडायचं? मी विळी मांडली, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, माझी शिलाईची कात्री, ती गंजकी तलवार आणि थान्याच्या तीन पावत्या. पावत्यांना हळदकुंकू वाहिलं. तेव्हा हसलो खूप. निकाल लागला, दिवाळी झाली, तिन्ही घरी आल्या. आता महिन्याच्या आत एक निवडायची होती.

सगळे म्हणत होते रिव्हॉल्व्हर द्या. तिला गिऱ्हाईक होतं, पैसे आले असते, आणि तिच्यात कुणाचा जीव अडकलेला नव्हता. रायफल शेतासाठी हवीच. नीलगायींचे कळप गव्हात शिरतात, मारायची परवानगी वेगळी काढावी लागते, आमच्याकडे कुणी मारतही नाही, पण गड्याला धीर असतो. म्हणजे हिशेबानं दुनाली आणि रायफल राहायला हवी होती. मी दुनाली दिली.

दादाला सांगितलं की तिचा उपयोग नाही, चाप घट्ट झालाय. ते खोटं होतं. आता खरं लिहिते. आमच्या घरातली मोठी माणसं कुणी उरली नाहीत, म्हणून लिहिता येतंय.

मे 1979. आत्याचं लग्न. वरात इंदूरहून आलेली, नया बाजारातून आमच्या दारापर्यंत बँड. आमच्याकडे दारात वरात आली की बार काढायची पद्धत, आजही आहे. धाकटे काका दुनाली घेऊन ओट्यावर. थोडी घेतलेली होती. पहिला बार हवेत गेला. दुसऱ्याला ओट्याच्या कडेवरून पाय सरकला. गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारी मुलं असायची ना वरातीत, त्यातला एक, बारा वर्षांचा. बहुतेक छर्रे भिंतीत गेले. एक त्याच्या डाव्या डोळ्यात. बत्ती पडली, काच फुटली, आणि बँड वाजतच होता, कारण मागच्यांना कळलंच नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते, नारळ घेऊन दारात उभी. तो मुलगा ओरडला नाही. हातानं डोळा झाकून खाली बसला आणि म्हणाला, "बत्ती मैंने नहीं गिराई."

जयारोग्य हॉस्पिटलात डोळा काढावा लागला. बाबांनी सगळा खर्च केला, त्याच्या बापाशी बोलले, रक्कम ठरली. केस झाली नाही. वकिलाच्या घरात केस कशी होईल? लग्न वेळेवर लागलं. बंदूक पुसून कपाटात गेली आणि त्या नवमीला परत पाटावर. त्यावर कधीही, एकदाही, आमच्या घरात बोलणं झालं नाही. मी दरवर्षी तिला हळदकुंकू लावायची आणि हात जरा आखडायचा, एवढंच.

त्याच 2019 च्या कायद्यात हर्षफायरिंगची शिक्षा आली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या कलमाला माझा पूर्ण पाठिंबा. चाळीस वर्षं आधी हवं होतं. कारण त्या दिवशी ओट्यावर तीन बंदुका नव्हत्या, एकच होती, लायसन्सची होती, आणि ती पुरली. कायद्यानं काकांचा हात मोजायला हवा होता, तो आमचं कपाट मोजतो. माझा राग हा आहे.

आणि दुसरा राग जरा विचित्र आहे, समजून घ्या. ती बंदूक घरातून काढायची हे माझ्या मनात बाबा असल्यापासून होतं. त्यांच्या देखत धीर झाला नाही. ते गेल्यावर वाटलं, करू, नीट करू, त्या माणसाकडे जाऊन, त्याला सांगून, आमच्या घरानं कधी न म्हटलेलं म्हणून मग करू. तीन वर्षं चालढकल केली. आणि मग कलम आलं आणि मुदत आली. गेली ती सरकारी मुदतीत गेली. माफी म्हणून देता आली असती ती वस्तू 'जास्तीची' म्हणून दिली गेली. हा दोष सरकारचा नाही, माझा आहे, ठाऊक आहे. तरी राग येतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गन हाउसमध्ये गेले. तोंडाला मास्क, हातात कव्हर. दुकानात भिंतीला टेकून बाराबोरच बाराबोर. सगळ्यांनी तीच दिली होती. मालक म्हणाले, आठ महिन्यांपासून हेच. विकणारे सगळे, घेणारा कुणी नाही, कारण घेणाऱ्याच्या लायसन्सवर जागा हवी ना. सात हजार सांगितले. बर्मिंगहॅमची आहे म्हटलं. ते म्हणाले, "माताजी, ये तीन भी बर्मिंगहॅम की हैं." मी दस्त्यावर आजोबांच्या गालाची जागा अंगठ्यानं एकदा चाचपली आणि सही केली. पावती मिळाली, नंतर लायसन्सवरून नोंद उतरली.

तिथून रिक्षा करून त्याच्याकडे गेले. तो आता त्रेपन्न वर्षांचा होता, स्वतःचा बँड, क्लॅरिनेट वाजवतो, लष्करात सगळे त्याला ओळखतात. लॉकडाउनमुळे लग्नं नव्हती, दुकानाचं शटर अर्धं. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. समोर गेल्यावर एकच आलं, तेही हिंदीत. "भैया, वो बंदूक आज दे दी." त्यानं कोणती विचारलं नाही. चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कितने में गई?"

सात हजार म्हटलं.

"इतने में तो मेरी क्लॅरिनेट भी नहीं आती, दीदी," म्हणाला आणि हसला. मग आतून स्टूल आणून दिलं. मी बसले. चहा मागवला त्यानं. माफी मागितली मी, पण चहाच्या ग्लासात बघत, आणि पोरगा शटर वर करत होता त्या आवाजात त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यानं मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, फेब्रुवारीत. मी गेले होते लग्नाला. दारात त्यानं कागद लावला होता मोठ्या अक्षरात, बंदूक लाना मना है.

ते सात हजार मी आहेरात दिले. त्यानं पाकीट उघडून बघितलं आणि पाच परत केले, म्हणाला इतना नहीं लेते.

तर ताई, हे असं आहे. विकली म्हणायची तर विकली. रायफल आणि रिव्हॉल्व्हर आहेत, पाटावर त्याच दिसतात. पुढच्या रिन्यूअलला रिव्हॉल्व्हरही द्यावी म्हणते, पण ती माझ्या मर्जीनं. बंदुकीला लावायच्या तेलाची अर्धी बाटली उरली होती, ती मी शिलाई मशीनला वापरते. मशीन छान चालतं.